तिथीवर फिरणारे पाळणे

संपादकांनी यंदा विषय दिला 'वेग'. सोबत एक सूचना होती: सातारा-सांगलीकडून गाडी काढा, पाळणे, झोके, रोलर कोस्टर बघत फिरा आणि लिहा. कागद-पेन घेऊन बेत आखायला बसलं की पहिली अडचण लगेच पुढ्यात येते. या दोन जिल्ह्यांत मोठा म्हणावा असा रोलर कोस्टर नाही. वॉटर पार्क आहेत. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गो-कार्टिंग आहे. वेण्णा तलावाच्या काठी घोड्यांच्या शेजारी लहान मुलांचे पाळणे आहेत. पण लोखंडी रुळावरून माणसांना उलटं करून आणणारं यंत्र बघायचं तर खंबाटकी ओलांडून, पुणे मागं टाकून खोपोलीपर्यंत जावं लागतं.

तरीही या मुलखात पाळण्यात बसून किंचाळलेला नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. कारण इथं माणसांनी पार्ककडे जाण्याची रीत नंतरची. आधीपासून पार्कच माणसांकडे येतो, ट्रकमध्ये भरून, देवाच्या तिथीला.

नकाशा बाजूला, कालनिर्णय हाती

म्हणून या सफरीचा बेत मोबाइलमधल्या नकाशावर आखता येत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढून घ्यावं लागतं. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला माणगंगेच्या काठी म्हसवडला सिद्धनाथाचा रथ. त्याच महिन्यात जतला यल्लम्माची यात्रा. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष सरत आला की पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथोत्सव. पौषात कराड तालुक्यातल्या पालला तारळी नदीकाठी खंडोबा-म्हाळसेचं लग्न. पौष पौर्णिमेला मांढरदेवला काळूबाई. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या कावडी आणि आटपाडीकडे खरसुंडीचा सिद्धनाथ. त्यापुढं वैशाख संपेपर्यंत गावोगावच्या लहान यात्रा.

पाळणेवाल्यांचं वेळापत्रक हेच. इंग्रजी तारीख त्यांना दरवर्षी नव्यानं लिहून घ्यावी लागते, कारण चांद्र तिथी दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की अठरा-एकोणीस दिवस एकदम पुढं जाते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला, तेव्हा त्यानंतरच्या सगळ्या यात्रा पुढं ढकलल्या गेल्या. दोन यात्रांमध्ये किती दिवस मिळतात यावर धंद्याचं गणित बसतं. पाळणा खोलायला, ट्रकवर चढवायला, रस्ता कापायला आणि पुन्हा उभा करायला वेळ लागतो. तो मिळाला नाही तर दोनपैकी एका देवाला नमस्कार करून दुसऱ्याकडं जावं लागतं.

तिथीमागे पैशाचाही हिशेब असतो. मार्गशीर्ष-पौषात कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, ऊस चाललेला असतो, बाजारात पैसा हलता असतो. चैत्र-वैशाखात जावळी-पाटणकडचे मुंबईकर गावाला येतात. विटा, खानापूर, आटपाडीकडची सोन्या-चांदीच्या गलाईत गुंतलेली कुटुंबं देशाच्या कानाकोपऱ्यातून यात्रेला घरी परततात. वर्षभर परगावी राहिलेला बाप पोरांना घेऊन यात्रेत शिरतो तेव्हा पाळण्याच्या तिकिटाला हात आखडत नाही. पाळणेवाला हे चांगलं ओळखून असतो.

पावसाळ्यात मात्र सगळं थंड. ओली माती, वारा आणि वीज या तिन्हींशी पाळण्याचं वैर. त्या महिन्यांत सांगाडे शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली पडून असतात. रंग, वंगण, वेल्डिंग, गंजलेले बोल्ट बदलणं ही कामं तेव्हा होतात. झाली तर.

पुसेगावचं मैदान

पुसेगाव सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं गाव. सेवागिरी महाराजांनी १९४८ च्या जानेवारीत समाधी घेतली. रथोत्सवात भाविक रथाला नोटांच्या माळा बांधतात, आणि दिवस मावळेपर्यंत रथ नोटांनी झाकून जातो. एकीकडं खिलार बैलांचा बाजार, एकीकडं बैलगाडा शर्यती, मध्ये गोडीशेव, चुरमुरे आणि बत्ताशांच्या राशी, आणि या सगळ्याच्या कडेला उंच दिव्यांची वर्तुळं. दुरून रस्त्यावरून येताना देवळाच्या आधी पाळणाच दिसतो.

तो उभा राहताना बघायचा असेल तर यात्रेच्या दोन-तीन दिवस आधी जावं. ट्रक मैदानात लागतो तेव्हा त्यात पाळण्यासारखं काहीच दिसत नाही. लोखंडी अँगल, नळ्या, तारा आणि रंग उडालेल्या बैठकांचा ढीग असतो. कामगार बरेचदा परराज्यातले, वयानं कोवळे आणि चढण्यात तरबेज. आधी जमीन बघतात. माण-खटावकडं मुरूम लागला तर काम हलकं. कृष्णाकाठी काळी माती असली तर ती ओलाव्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून पायाखाली लाकडी ओंडके आणि फळ्या जास्त घालाव्या लागतात. पातळी नीट झाली नाही तर वर पन्नास फुटांवर चाक डुलतं.

दोन बाजूंचे खांब उभे राहिले की मधला आस चढतो. त्यावर आरे बसतात, आऱ्यांना तारांनी ताण दिला जातो, आणि शेवटी बैठका लटकतात. प्रत्येक बैठक एका आडव्या दांड्यावर टांगलेली असते. दांडा जागेवरून सरकू नये म्हणून टोकाला पिन. तळहातात मावेल एवढी ती पिन, पण वर बसलेल्या चार माणसांचा जीव तिच्यावर. जुने पाळणेवाले संध्याकाळी पहिली फेरी सोडण्याआधी प्रत्येक बैठक खाली आणून पिनेला हात लावतात.

माणसं बसवण्यातही कसब लागतं. सगळे एका बाजूला बसवले तर चाक जड बाजूनं खाली ओढतं आणि मोटारीवर झटके बसतात. म्हणून चालक एक बैठक भरली की चाक अर्धं फिरवून समोरची भरतो. जाड माणूस, लेकुरवाळी बाई, कॉलेजची पोरं यांना तो डोळ्यांनीच तोलतो. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला उगाच थांबवलं, पण तिथं तराजू चाललेला असतो.

पूर्वी जत्रेत लाकडी रहाटपाळणा असे. चार बैठका, आणि फिरवायला दोन दणकट गडी. काही फिरवणारे सांगाड्यावर चढून आपल्या वजनानं बैठक खाली आणत. मग डिझेल इंजिन आणि पट्टा आला. आता जनरेटर आणि इलेक्ट्रिक मोटार. जगातला पहिला अजस्र आकाशपाळणा १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनं उभा केला. उंची २६४ फूट, डबे ३६, आणि एकेका डब्यात साठ माणसांची सोय. तो चाकापेक्षा फिरता पूलच होता. आपल्या जत्रेतला पाळणा त्याच्या मानानं ठेंगणा, पण अंगाला झोंबतो जास्त. लंडन आयला एका फेरीला सुमारे अर्धा तास लागतो. जत्रेतलं चाक रंगात आलं की दहा-बारा सेकंदांत फिरतं. पन्नास फुटी चाक दहा सेकंदांत फिरलं तर माथ्यावर माणसाचं वजन जवळपास तिसऱ्या हिश्शानं कमी भासतं. पोटात खड्डा पडतो तो तिथं.

ड्रॅगन, कोलंबस आणि कुवा

आकाशपाळण्याच्या भोवती बाकीचं गोत असतं. कोलंबस म्हणजे झुलतं जहाज, त्याच्या दोन टोकांना बसणाऱ्यांचे हाल सर्वांत जास्त. ब्रेक डान्समध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरच्या बैठका पुन्हा स्वतःभोवती फिरतात. टोराटोरा आहे, लहानग्यांची मोटारगाडी आणि घोड्यांचं चक्र आहे. आणि आहे ड्रॅगन.

सातारा-सांगलीच्या पोरांचा पहिला रोलर कोस्टर हाच. लंबगोल रूळ, त्याला दोन-तीन उंचवटे, आणि त्यावर हिरव्या तोंडाची गाडी. खऱ्या रोलर कोस्टरमध्ये आणि यात एक मोठा फरक आहे. ड्रॅगनच्या गाडीला मोटार असते, ती चढावर आणि उतारावर सारखीच ओढते. खरा कोस्टर एकदा माथ्यावर नेऊन सोडला की पुढं त्याला इंजिन नसतं. उंचीच त्याचं इंधन.

मौत का कुवा मात्र कुणाचंही अनुकरण वाटत नाही. फळ्या उभ्या जोडून केलेली विहीर, वर कड्यावर गोल उभे प्रेक्षक, खाली सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली आणि एखादी मारुती ८००. गाडी आधी तळाच्या उतरत्या कडेवर फिरते, वेग घेते आणि भिंतीवर चढते. भिंत गाडीला आतल्या बाजूला ढकलते, त्या दाबामुळं टायर आणि फळी यांच्यात घर्षण तयार होतं आणि तेच गाडीला खाली पडू देत नाही. वेग कमी झाला की दाब कमी, दाब कमी झाला की पकड गेली. म्हणून स्वार हात सोडतो, कड्यावरच्या प्रेक्षकाच्या हातातली नोट ओढतो, पण एक्सलरेटर ढिला करत नाही. सगळी विहीर हलत असते. कड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला फळ्यांची थरथर पायांतून कळते.

अंकलखोप ते म्हैसाळ

जीवघेण्या खेळाचा तंबू पाठीवर घेऊन गावोगाव फिरणं या भागाला नवीन नाही. औदुंबरच्या शेजारी कृष्णाकाठी अंकलखोप आहे. तिथले विष्णुपंत छत्रे घोडे शिकवण्यात वाकबगार होते. चिआरिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ मुंबईत झाले, आणि असे खेळ आपणही करू शकतो या ईर्ष्येनं छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. भारतीय सर्कसचा आरंभ तो. पुढं म्हैसाळच्या देवलांची सर्कस, सांगलीच्या कार्लेकरांची सर्कस, तासगावच्या परशुराम माळींची सर्कस अशी एकाच टापूतून तंबूंची रांग निघाली. छत्र्यांची सर्कस मलबारात तेलिचेरीला पोचली, तिथल्या कीलेरी कुन्हिकण्णन या कसरतीच्या गुरूनं सर्कशीसाठी मुलं तयार करायला घेतली, आणि पुढच्या शंभर वर्षांत देशातल्या झुल्यांवर मल्याळी कलावंत दिसू लागले.

आज अंकलखोपला गेलं तर सर्कस दिसत नाही, ऊस आणि घाट दिसतो. १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, अस्वलांचे खेळ बंद झाले. ते योग्यच झालं, पण तंबूंचा आधीच आटत चाललेला धंदा त्यानंतर आणखी आटला. तरी सर्कशीनं शिकवलेली एक विद्या मैदानात टिकून आहे: मोठं यंत्र सुटं करणं, ट्रकवर चढवणं आणि दुसऱ्या मैदानात तसंच उभं करणं. जत्रेतला पाळणेवाला त्याच विद्येवर जगतो. फक्त सर्कशीत जोखीम कलावंताची असे. पाळण्यात ती तिकीट काढणाऱ्याची असते.

खोपोलीचा रूळ

आता खऱ्या रोलर कोस्टरकडे. सांगलीहून निघालात तर पेठनाक्यावर पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागा. कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या ढाब्यावर आख्खा मसूर खाऊन पुढं निघालं तर पोट जड होतं, तेव्हा तो येताना खावा. साताऱ्यापुढं खंबाटकी, पुणे, मग द्रुतगती मार्ग, आणि खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ इमॅजिका. मनमोहन शेट्टी यांनी उभारलेला हा पार्क एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आला. त्याआधीच्या पिढीसाठी अशी जागा म्हणजे १९८९ मध्ये सुरू झालेलं गोराईचं एस्सेल वर्ल्ड. आपल्याकडच्या शाळांच्या सहली तिकडं जात. ते आता बंद आहे.

इमॅजिकातला मोठा कोस्टर म्हणजे नायट्रो. बोलिजर अँड मॅबिलार्ड या स्वित्झर्लंडच्या कंपनीची ही रचना. उंची १३२ फुटांच्या आसपास, पाच ठिकाणी माणूस उलटा होतो, आणि पायाखाली फळी नसते, पाय रुळावर लोंबतात. साखळी गाडीला माथ्यावर ओढून नेते, तेव्हा खालून कट-कट आवाज येत राहतो. तो आवाज खुंट्यांचा. साखळी तुटली तरी गाडी मागं घसरू नये म्हणून त्या प्रत्येक दात्यात अडकत जातात. माथ्यावर साखळी सुटते आणि उरतो तो न्यूटन. चाळीस मीटर उंचीवरून कुठलाही अडथळा नसता सुटलेली वस्तू तळाशी ताशी शंभर किलोमीटरच्या घरात पोचते. नायट्रोचा वेगही त्याच घरातला.

अशा वेगात गाडी रुळावर राहते ती चाकांच्या तीन जोड्यांमुळं. एक रुळावर चालते, एक बाजूनं धरते, एक खालून. खालून धरणारं चाक जॉन मिलर या अमेरिकन माणसानं १९१९ मध्ये पेटंट केलं, आणि त्यानंतरच कोस्टरचे उतार खरे उभे झाले. त्याआधी १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्प्सन या अमेरिकन माणसानं सुरू केलेली गाडी तर सायकलच्या सावकाश वेगानं चाले, पाच सेंट घेऊन. उभी चक्कर पूर्ण गोल ठेवली तर खालच्या बाजूला मानेवर फार ताण येतो. म्हणून आजची चक्कर वर अरुंद आणि खाली पसरट अशी थेंबाच्या आकाराची असते. जर्मन इंजिनिअर वेर्नर श्टेंगल यांच्या आखणीवर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात अशी पहिली आधुनिक चक्कर उभी राहिली.

ज्यांना आणखी लांब जायचंय त्यांनी तोच महामार्ग उलट्या दिशेला धरावा. बेंगळुरू ओलांडून म्हैसूर रस्त्यावर बिडदीला २००५ पासून वंडरला पार्क आहे. सांगलीकराला खोपोली एका दिवसाची दगदग आहे, बिडदीला मुक्कामाशिवाय जाऊ नये.

पाळण्याखाली कोण बघतं?

खोपोलीच्या रुळाजवळ उभं राहिलं की जत्रेतल्या पाळण्याची आठवण काळजीनं येते. पार्कमध्ये यंत्र एका जागी काँक्रीटमध्ये रुतलेलं असतं, सकाळी तपासणी होते, रिकामी गाडी फिरवून बघतात, उंचीच्या पट्टीखालच्या मुलाला परत पाठवतात. जत्रेतला पाळणा वर्षात कित्येकदा खोलला-जोडला जातो. प्रत्येक जोडणीत बोल्ट झिजतो, भोक मोठं होतं, तारेचा पदर तुटतो. म्हणजे जिथं तपासणी जास्त हवी तिथंच ती कमी होते.

कागद असतात. देवस्थान ट्रस्ट किंवा ग्रामपंचायत जागा देते, पोलिसांची परवानगी लागते, वीजजोडणीची तपासणी होते, सांगाड्यासाठी इंजिनिअरचा दाखला मागितला जातो. अडचण एवढीच की हा दाखला एका दिवसाचा असतो आणि पाळणा आठवडाभर फिरतो. कायम उभी असलेली यंत्रंही फसतात. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी पेंड्युलमसारखा झोका गर्दीसमोर मोडला आणि दोघे गेले. फिरत्या यंत्रांचंही तेच: सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात वर-खाली होणारा झुला माणसांसकट कोसळला.

यात्रेतल्या निष्काळजीपणाची किंमत सातारा जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवच्या गडावर चेंगराचेंगरी आणि दुकानांच्या आगीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. न्यायमूर्ती कोचर आयोग बसला. त्यानंतर तिथं वाटा, दुकानांची जागा, गॅस सिलिंडर, गर्दीचं नियमन या सगळ्याकडं प्रशासन वेगळ्या नजरेनं बघायला लागलं. ही नजर देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली. ती मैदानाच्या टोकाला, पाळण्याच्या पिनेपर्यंत पोचायला हवी.

पाळणे बंद करा असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. खोपोलीच्या एका दिवसाचा खर्च शेतमजुराच्या घराला झेपणारा नाही. त्या घरातल्या पोरीनं पन्नास फुटांवरून स्वतःचं गाव दिव्यांत बघायचं तर यात्रेतल्या पाळण्याशिवाय सोय नाही. पाळणेवाल्यालाही अपघात नकोच असतो, एका मोडलेल्या बैठकीनं त्याचं सगळं साल बुडतं. हवी आहे ती रोजची, उघड, चार लोकांसमोरची तपासणी.

बेत करणाऱ्यांसाठी

तेव्हा सफर करायचीच असेल तर ती अशी करा. मार्गशीर्षात म्हसवड किंवा जत, त्याच महिन्याच्या शेवटी पुसेगाव, पौषात पाल. रथाच्या मुख्य दिवशी पाळण्यासाठी जाऊ नका, त्या दिवशी चालकाला श्वास घ्यायला उसंत नसते आणि फेऱ्या घाईत सुटतात. आदल्या किंवा नंतरच्या दिवशी जा. गाडी गावाबाहेर लावा, बैलांच्या बाजाराच्या वाटेवर लावू नका. लहान मुलं सोबत असतील तर उजेड असताना पाळण्यात बसवा. ओढणी, मोकळे केस, गळ्यातली पट्टी आवरून घ्या. वारा सुटला तर तिकीट वाया जाऊ द्या. आणि सगळ्यात शेवटी, वार्षिक परीक्षा झाल्यावर, मुलांना खोपोलीला न्या. ड्रॅगनमध्ये बसलेल्या मुलाला नायट्रो जास्त कळतो.

यात्रा कमिट्यांना आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. जागेच्या करारात एक ओळ घाला: प्रत्येक पाळण्यापाशी एक फळा असेल, आणि पिना, तारा, ब्रेक, पायाखालचे ओंडके रोज संध्याकाळी कोणी तपासले त्याचं नाव आणि तारीख त्यावर खडूनं लिहिलेली असेल. याला खर्च नाही, वेगळा कायदा नको. आणि वाचकहो, तिकिटाच्या खिडकीशी जाण्याआधी त्या फळ्यावर आजची तारीख आहे का ते बघा. नसेल तर पोरांना गोडीशेव घेऊन द्या आणि दुसऱ्या पाळण्याकडं चला.